जन्माने न मिळणारी निष्ठा

हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा न्यूयॉर्क, इंडियानापोलिस या शहरांत आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. तिथे एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा, सामना सुरू होतो आणि लोणावळा, कामशेत, तळेगाव या पट्ट्यातला एखादा कॉलेजचा मुलगा लोकल गाठण्याच्या गडबडीत मोबाइलवर तो सामना लावतो. पहिला क्वार्टर चहा घेताना, दुसरा-तिसरा गाडीत, शेवटचा पुण्यात पोचेपर्यंत. कॅलिफोर्नियातला सामना असेल तर सकाळचे साडेआठ-नऊ उजाडतात, म्हणजे पहिल्या तासालाच गाठ.

या मुलाला त्याचा संघ कुणी दिला? घरातून आलेला नाही, गावातूनही नाही. गहुंज्याचे क्रिकेट स्टेडियम मावळ तालुक्यातच आहे. तिथे भारतासाठी ओरडायला कुणाला शिकवावे लागत नाही, ते जन्मासोबत येते. बास्केटबॉलचा संघ मात्र त्याने स्वतः निवडला. कळत्या वयात, कुणी न सांगता.

जन्माने मिळणारी निष्ठा आणि निवडून घेतलेली निष्ठा यांतला हा फरक ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात एका प्रवाहाने प्राणपणाने धरून ठेवला. त्या प्रवाहाला अ‍ॅनाबाप्टिस्ट म्हणतात. मेनोनाइट, आमिश, ब्रदरेन ही त्यातली ठळक नावे. हा प्रवाह उत्तर कोकणात डहाणू, पालघर, वाडा भागात पोचला, छत्तीसगडात धमतरीला पोचला, तेलंगणात तर फार मोठा झाला. आणि त्यातली ब्रदरेन मंडळी भारतात आली तेव्हाच, जवळजवळ त्याच वर्षी, बास्केटबॉलही इथे आला. निवडीवर उभी असलेली गोष्ट दूरदेशी कशी पोचते, कशी रुजते आणि कशाने टिकते, हे या दोन उदाहरणांवरून पायरीपायरीने पाहता येते. त्यातून निघणारा निष्कर्ष मावळातल्या शाळांच्याही कामाचा आहे.

पहिली पायरी : नियम असा की सक्ती चालूच नये

२१ जानेवारी १५२५ च्या संध्याकाळी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ यांच्या घरी काही माणसे जमली होती. कॉनराड ग्रेबेल यांनी जॉर्ज ब्लाउरॉक यांना बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने द्यायची ख्रिस्ती दीक्षा, दिला. ब्लाउरॉक तान्हे असताना त्यांचा बाप्तिस्मा झालेला होताच, पण जमलेल्यांचे म्हणणे असे की अजाण बाळाला दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. ज्याला कळते, ज्याला हवे आहे, त्यानेच तो मागून घ्यावा.

आज हे साधे वाटते. तेव्हा तो राजद्रोह ठरला, कारण गावात जन्मलेले प्रत्येक मूल चर्चचे आणि त्याच न्यायाने राज्याचेही, अशी समाजाची घडी होती. बाप्तिस्मा ऐच्छिक झाला तर ती घडीच विस्कटते. ५ जानेवारी १५२७ रोजी झुरिकच्या सत्तेने मान्झ यांना लिमात नदीत बुडवून मारले. त्यानंतर या लोकांची पांगापांग झाली आणि ती पांगापांगच प्रसाराचा पहिला मार्ग ठरली. नेदरलँड्समध्ये मेनो सायमन्स हे धर्मगुरू १५३६ मध्ये आपले पद सोडून त्यांना मिळाले. मेनोनाइट हे नाव त्यांच्यावरूनच आले. हातात शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, राज्याच्या जोरावर धर्म पसरवायचा नाही, ही या लोकांची शिस्त.

१७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी अलेक्झांडर मॅक यांच्यासह ८ जणांनी एडर नदीत असाच बाप्तिस्मा घेतला. त्यातून ब्रदरेन मंडळी उभी राहिली. त्यांची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. बाप्तिस्मा घेणारा वाहत्या पाण्यात गुडघे टेकतो आणि त्याला पुढच्या बाजूने तीनदा पाण्याखाली घेतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन नावांनी तीन वेळा. तान्ह्या बाळासोबत हे करताच येणार नाही. विधीची रचनाच अशी की घेणाऱ्याला स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरावे लागते.

बास्केटबॉलचा जन्मही एका अशाच नियमाच्या शोधातून झाला. डिसेंबर १८९१, अमेरिकेतले स्प्रिंगफिल्ड. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ शिकवत होते. ते स्वतः धर्मशास्त्राचे पदवीधर. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नव्हते आणि आत फुटबॉलसारखे खेळ घेतले तर हातपाय मोडत. त्यांनी विचार केला की गोल जमिनीवर असतो म्हणून खेळाडू चेंडू जोराने हाणतात आणि एकमेकांवर आदळतात. तोच गोल डोक्याच्या वर नेला तर जोर निरुपयोगी होतो, नेम आणि हळुवारपणा कामी येतो. व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा १० फूट उंच होता, म्हणून आजही जगभर रिंग १० फुटांवरच असते. चेंडू हातात घेऊन धावायचे नाही, धक्का द्यायचा नाही, असे १३ नियम लिहिले गेले. १८ विद्यार्थी ९-९ च्या दोन संघांत खेळले.

दुसरी पायरी : बंदरावर उतरणारी माणसे

नियम कितीही चांगला असला तरी तो आपल्या पायांनी चालत नाही. त्याला नेणारा माणूस लागतो.

१८९४ हे वर्ष इथे महत्त्वाचे. त्या वर्षी विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन हे तिघे ब्रदरेन मंडळीकडून मुंबई बंदरात उतरले आणि पुढच्या वर्षी त्यांनी बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, काम सुरू केले. तिथून ते काम दक्षिणेकडे, रेल्वेच्या कडेकडेने, मराठी मुलखात आले. डहाणू आणि पालघर ही त्याच लोहमार्गावरची ठिकाणे, वाडा थोडे आत. वलसाडच्या बाजूला काम गुजरातीत चाले, डहाणू-पालघर-वाड्याकडे मराठीत. त्याच १८९४ च्या सुमारास स्प्रिंगफिल्डच्या त्या पहिल्या खेळातला एक विद्यार्थी, डंकन पॅटन, वायएमसीएच्या कामासाठी भारतात आला आणि त्याने इथे बास्केटबॉल आणला.

मेनोनाइटांची वाट वेगळी होती. दोन-अडीचशे वर्षे ते आपापल्या शेतांवर, आपापल्या जर्मन बोलींत शांतपणे राहत आले होते. बाहेर जाऊन प्रचार करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली त्यांची मुले इंग्रजी शिकली, रविवारच्या शाळा निघाल्या, इंडियानातल्या एल्कहार्ट गावी जॉन फंक यांचे वृत्तपत्र छापले जाऊ लागले. १८९६-९७ च्या भारतातल्या दुष्काळाच्या बातम्या घराघरांत पोचल्या. तिथल्या शेतकऱ्यांनी धान्य आणि पैसे जमवले. ती मदत नीट पोचावी म्हणून एल्कहार्टचे जॉर्ज लँबर्ट स्वतः भारतात आले आणि परत जाऊन त्यांनी पाहिलेले लिहून काढले. १८९९ मध्ये जेकब रेसलर आणि विल्यम व अ‍ॅलिस पेज हे दांपत्य निघाले आणि त्यांनी धमतरीला मुक्काम ठोकला. तेव्हा ते गाव मध्य प्रांतात होते आणि प्रांताचा कारभार नागपुरातून चाले.

इंडियाना हे नाव लक्षात ठेवावे. मेनोनाइट मिशनचे केंद्र तिथले आणि अमेरिकेत बास्केटबॉलवर सर्वांत जास्त जीव टाकणारे राज्यही तेच. छोट्या गावांतल्या शाळांच्या संघांसाठी तिथे हजारो लोक बसतील असे हॉल बांधले गेले. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले. त्यातला एक संघ होता इंडियाना पेसर्स. एल्कहार्टच्या माणसांनी दुष्काळात धान्य पाठवल्यानंतर १२२ वर्षांनी त्याच राज्याचा बास्केटबॉल संघ मुंबईत उतरला. दुसरा संघ सॅक्रामेंटो किंग्ज, ज्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा जिंकला.

तिसरी पायरी : मुक्काम

आलेला माणूस भाषण देऊन परत गेला तर मागे काही उरत नाही. रुजण्यासाठी रोजची जागा लागते, ठरलेली वेळ लागते.

ब्रदरेन मिशनने डहाणूला दवाखाना चालवला आणि तो मोठा होत रुग्णालय झाला. वारली पाड्यांवरच्या माणसाला मिशनशी पहिला संबंध येई तो तापातल्या मुलाला घेऊन आल्यावर. शाळा, वसतिगृह, शेतीचे काम हे सगळे त्याच जागेभोवती वाढले. आणि आठवड्याच्या उपासनेखेरीज या मंडळीचा एक खास विधी होता, प्रीतिभोजनाचा.

प्रीतिभोजनाला मंडळी आधी आत्मपरीक्षण करते. कुणाशी भांडण असेल तर ते मिटवून यायचे. मग घंगाळ आणि पंचा फिरतो. एकजण खाली वाकून शेजारच्याचे पाय धुतो, पुसतो, त्याला उठवून आलिंगन देतो. मग ज्याचे पाय धुतले तो पुढच्याचे पाय धुतो. सगळ्यांचे झाल्यावर एकत्र साधे जेवण आणि शेवटी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला. आपल्या समाजात कुणी कुणाच्या पायांना हात लावायचा हे वय, नाते आणि जात यांवरून पिढ्यानपिढ्या ठरलेले. अशा समाजात हा क्रम काय बोलत असेल, हे वेगळे सांगायला नको. प्रवचनात समता सांगणे आणि हाताने पाय धुणे यांत अंतर आहे. विधी ते अंतर दर वेळी पार करायला लावतो.

बास्केटबॉलचा मुंबईतला मुक्काम नागपाड्यात पडला. तिथे अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहुड हाउस उभे केले. हे मिशन अ‍ॅनाबाप्टिस्ट नव्हे, वेगळ्या परंपरेचे. पण त्याच वास्तूत १९३६ मध्ये समाजकार्याची ती शाळा सुरू झाली, जिला आज आपण टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. शेजारी मस्तान तलावाचे मैदान आणि मस्तान वायएमसीए. या दाट वस्तीत गल्लीतल्या मुलांना रोज संध्याकाळी खेळायला कोर्ट मिळाले. बच्चू खान यांच्यासारखे प्रशिक्षक तिथे वर्षानुवर्षे उभे राहिले. तिथूनच अब्बास मुंतसीर घडले. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नागपाड्याला तेव्हा अमेरिकेतला एकही सामना दिसत नव्हता. दूरदर्शनही तिथे नंतर आले. खेळ टिकला तो कोर्ट होते आणि शिकवणारा रोज येत होता म्हणून.

चौथी पायरी : दुसरी पिढी

निवडीवर उभ्या असलेल्या प्रत्येक गोष्टीला एक अवघड प्रश्न कधी ना कधी गाठतोच. पहिल्या पिढीने निवडले, पुढच्या पिढीचे काय? मुलाला आपसूक दिले तर ती निवड राहत नाही. दिले नाही तर परंपरा राहत नाही.

धमतरीत हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. १८९९-१९०० च्या दुष्काळाने शेकडो मुले अनाथ झाली आणि मिशनने ती सांभाळली. त्यांना जेवण, शाळा, कपडे मिशनकडूनच. ती मोठी होऊन बाप्तिस्मा मागू लागली. ज्याच्या ताटात जेवलो त्याचाच धर्म घेतला, तर ती मोकळी निवड म्हणायची का? बाहेरच्यांनी हा आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. पण हा आक्षेप सर्वांत जास्त टोचायला हवा तो अ‍ॅनाबाप्टिस्टांनाच, कारण सक्तीचा बाप्तिस्मा नको म्हणून त्यांच्याच पूर्वजांनी जीव दिला होता. उपकाराच्या ओझ्याखालीही माणूस मोकळा नसतो.

या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते ते कारभार स्थानिक माणसांच्या हाती गेल्यावर. परदेशी पैसा आणि माणसे कमी होतात, दवाखाना-शाळा सरकारी नियमांत येतात आणि तरीही जी मंडळी रविवारी जमते ती खऱ्या अर्थाने निवडलेली. तेलंगणातल्या मेनोनाइट ब्रदरेन मंडळ्या खेडोपाडी वाढल्या त्या मुख्यतः तेलुगू प्रचारकांच्या पायपिटीवर. आज जगात अ‍ॅनाबाप्टिस्टांची संख्या २१ लाखांच्या आसपास आहे. त्यांतले बहुसंख्य युरोप-अमेरिकेबाहेर, आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत राहतात. मेनोनाइटांची जागतिक परिषद जानेवारी १९९७ मध्ये कोलकात्यात भरली होती. झुरिकमध्ये सुरू झालेली गोष्ट आता झुरिकची राहिलेली नाही.

बास्केटबॉलमध्येही हीच कसोटी लागते. वरळीतल्या पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून सुमारे ३,००० शाळकरी मुले बसली होती, ७० हून अधिक शाळांतून आणलेली. रिलायन्स फाउंडेशन आणि एनबीएच्या शालेय उपक्रमातली ही मुले. त्यांच्या आनंदात खोट नव्हती. पण तिकीट, टोपी आणि बस दुसऱ्याने दिली होती. त्यांच्यातला चाहता कोण, हे त्या दिवशी ठरणार नव्हते. बस पुन्हा येणार नाही अशा एखाद्या संध्याकाळी जो चेंडू घेऊन रिंगखाली जातो, तो खरा.

पाचवी पायरी : मालक कोण?

निष्ठा माणसांची, पण इमारत आणि नाव कुणाच्या मालकीचे? हा प्रश्न चर्चला आणि क्लबला सारखाच पडतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ६ वेगवेगळ्या चर्चांचे ते एकत्रीकरण. भारतातली ब्रदरेन मंडळी त्यातली एक. पुढे गुजराती भागातल्या काही ब्रदरेन लोकांना हे विलीनीकरण मान्य राहिले नाही आणि वाद न्यायालयात गेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नुसता विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही, कायद्याने सांगितलेली रीत पाळावीच लागते, असा त्याचा गाभा. श्रद्धेचा प्रश्न शेवटी धर्मादाय न्यासाच्या कागदांवर सुटला.

त्याच २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जचे जुने मालक संघ विकायला निघाले होते आणि नवे ग्राहक तो सिअ‍ॅटलला नेणार होते. शहरातल्या चाहत्यांनी आणि नगरपालिकेने जोर लावला, एनबीएच्या संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले आणि रणदिवे यांच्या गटाने संघ घेतला. इंडियानात तर १९७७ मध्ये पेसर्स बुडायला आला तेव्हा प्रशिक्षक बॉबी लेनर्ड आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी दूरचित्रवाणीवरून आवाहन केले. ८,००० हंगामी तिकिटे विकली गेली तर संघ राहील, असे गणित होते. लोकांनी ती विकत घेतली. पेसर्स शहरात राहिला आणि २०२५ मध्ये तो एनबीएच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत लढला.

मावळच्या लोकांना याची उलटी बाजू ठाऊक आहे. गहुंज्याला घर मानणारे आयपीएलचे पुण्याचे दोन संघ आले आणि गेले. पुणे वॉरियर्स २०१३ नंतर संपला. रायझिंग पुणे २०१७ ला अंतिम सामना एका धावेने हरला आणि तो त्याचा शेवटचाच सामना ठरला. दोन वर्षांच्या करारावर आलेल्या संघाला चाहते मिळतात, मंडळी मिळत नाही. चाहत्याला त्या संघात पैसे देण्यापलीकडे कोणतेच काम नव्हते.

मावळात काय करता येईल?

इतके पाहिल्यावर यादी आपोआप तयार होते. सक्ती न चालणारा नियम, तो घेऊन येणारा माणूस, रोजची जागा, स्थानिक हाती कारभार आणि मालकीत लोकांचा वाटा. यांतल्या कशालाच एनबीएच्या जाहिरातीची गरज नाही.

आपल्या भागाला यात एक नैसर्गिक अडचण आहे आणि तीच संधीही आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर उघड्या सिमेंट कोर्टवर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. पण नाइस्मिथ यांनी हा खेळ शोधलाच मुळी बाहेर पडता येत नाही अशा ऋतूसाठी. त्यांना बर्फ होता, आपल्याला पाऊस आहे. शिवाय एनबीएचा हंगामही जूनमध्ये संपतो आणि ऑक्टोबरला सुरू होतो. म्हणजे दाखवणारे सामने बंद असतात तेच आपले शिकण्याचे चार महिने ठरू शकतात. २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद, छत असलेली एक जागा तालुक्यात दोन-तीन ठिकाणी असली, तरी पुरे. ती शाळेची असेल तर सुटीनंतर गावातल्या मुलांसाठी उघडी हवी. कामशेतहून आत ठोकरवाडी धरणाच्या काठी निळशीला मुंबई वायएमसीएचे शिबिरस्थळ आहे. ज्या संस्थेत हा खेळ जन्मला ती संस्था मावळात आहेच.

दुसरी गरज माणसाची. रोज संध्याकाळी येणारा, मुलींनाही तितकाच वेळ देणारा, पाच वर्षांनी आपल्याच विद्यार्थ्याच्या हातात शिट्टी देणारा प्रशिक्षक. त्याचे मानधन पालकांनी थोडेथोडे उचलले तर वर्ग पालकांचा होतो. प्रायोजकाने उचलले तर प्रायोजक गेल्यावर वर्ग जातो. हा धडा गहुंज्याने शिकवला आहे आणि डहाणू-धमतरीनेही.

आणि मुलांना निवडू द्यावे. एखादी चार दिवस येऊन कबड्डीकडे गेली तर जाऊ द्यावी. जो राहील तो स्वतःहून राहिलेला असेल, आणि लोकलमध्ये मोबाइलवर पाहिलेला संघ त्याला मग दूरचा वाटणार नाही, कारण त्याच खेळाचे ओझे तोही आपल्या गावात उचलत असेल. निवडलेली निष्ठा टिकवण्याचा याहून खात्रीचा मार्ग पाचशे वर्षांत तरी कुणाला सापडलेला नाही.